टायर आणि क्राऊन-पिनियन : जुन्या शेव्हरोले पिकअपचा हिशेब

इंजिनाच्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे सरकते, हे तीन गोष्टींवर ठरते : लावलेला गिअर, मागच्या अ‍ॅक्सलमधले क्राऊन-पिनियन आणि चाकाचा व्यास. गिअर चालकाच्या हातात असतो. उरलेल्या दोन गोष्टी कारखान्यात एकदा ठरतात आणि पुढे कित्येक वर्षे त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. जुनी पिकअप पुन्हा रस्त्यावर आणायची वेळ आली की मात्र दोन्ही एकदम समोर येतात. टायरांना भेगा पडलेल्या असतात, मूळ मापाचा टायर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, आणि गाडी ज्या वेगासाठी बांधली होती त्याच्या कितीतरी पुढे आजची वाहतूक गेलेली असते. अशा वेळी टायर एकाच्या सल्ल्याने घेतला आणि अ‍ॅक्सल दुसऱ्याच्या सल्ल्याने बदलला, तर बहुतेकदा दोन्हींवर पुन्हा खर्च करावा लागतो. कारण रस्त्याच्या दृष्टीने हा निर्णय एकच आहे.

हा हिशेब नीट समजून घेण्यासाठी शेव्हरोलेची ३१०० ही अर्ध्या टनाची पिकअप सोयीची आहे. १९४७च्या जूनमध्ये अमेरिकेत बाजारात आलेली ही मालिका १९५५च्या सुरुवातीपर्यंत चालली. आज जुन्या पिकअप सांभाळणाऱ्यांत ती फार लोकप्रिय आहे. महाराष्ट्राशीही तिच्या घराण्याचे नाते आहे : जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना मुंबईत शिवडीला १९२८पासून १९५४पर्यंत चालू होता आणि शेव्हरोलेच्या मोटारी, ट्रक, बसगाड्या तिथे उभ्या राहत.

३१००चे मूळ इंजिन सरळ सहा सिलिंडरचे, २१६.५ घन इंचांचे, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे. ताकद ९० अश्वशक्ती, तीही मिनिटाला ३,३०० फेऱ्यांवर. पण या इंजिनाचा खरा गुण वेगात नाही, ओढीत आहे. त्याची जास्तीत जास्त पीळशक्ती १,२०० ते २,००० फेऱ्यांच्या पट्ट्यातच हाती येते. मागे तीन गिअरांचा बॉक्स : पहिला २.९४, दुसरा १.६८ आणि टॉप थेट, म्हणजे १.००. अ‍ॅक्सलचे गुणोत्तर ४.११ : पिनियनला ९ दात, क्राऊनला ३७. चाकाला ६.००-१६ मापाचे, सहा प्लायचे टायर. पूर्ण भारासह गाडीचे मान्य वजन ४,६०० पौंड, म्हणजे जवळपास २,०९० किलो.

या आकड्यांना तेव्हा पक्के कारण होते. गाडी शेतावरची, दुकानदाराची, दूधवाल्याची. मातीच्या रस्त्यावरून भरलेला हौदा घेऊन निघायचे, गावाबाहेरच्या दुपदरी रस्त्यावर ताशी ६०-७० किलोमीटरने जायचे, एवढेच तिचे काम. अमेरिकेतल्या आंतरराज्य महामार्गांचा कायदा १९५६ साली झाला, म्हणजे ही मालिका बंद पडल्यानंतर. त्या महामार्गांवर ताशी ९७ किलोमीटर म्हणजे ६० मैल हा आज संथ वेग मानला जातो. ४.११चा अ‍ॅक्सल तिथे अपुरा पडतो, त्यात अ‍ॅक्सलचा काही दोष नाही.

तो नेमका किती अपुरा पडतो, हे काढायला साधे सूत्र पुरते. ताशी किलोमीटरमधला वेग गुणिले अ‍ॅक्सलचे गुणोत्तर गुणिले ५.३०५, आणि आलेल्या आकड्याला टायरच्या मीटरमधल्या व्यासाने भागायचे. टॉप गिअरमधले इंजिनाचे फेरे मिळतात. ६.००-१६ टायरचा व्यास २८ इंच, म्हणजे ०.७११ मीटर. ताशी ८० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे २,४५० फेरे घेते. ९७ किलोमीटरला सुमारे २,९७५. भाराखाली टायर थोडा बसतो, त्यामुळे प्रत्यक्ष फेरे कागदावरच्यापेक्षा दोन-तीन टक्के जास्तच भरतात. म्हणजे महामार्गावर हे इंजिन आपल्या ३,३०० फेऱ्यांच्या शिखराला जवळजवळ टेकलेले असते, आणि तेही तासन्‌तास.

२१६च्या बाबतीत ही गोष्ट गंभीर आहे, कारण त्याच्या कनेक्टिंग रॉडांची बेअरिंगे बदलता येणाऱ्या कवचाची नाहीत. व्हाइट मेटल थेट रॉडमध्ये ओतलेले असते. तेलही त्यांना पंपाच्या दाबाने आतून मिळत नाही. रॉडच्या तळाशी लहान पळी असते, ती खालच्या खाचेतले तेल उडवते आणि वेग वाढला की नळीतून आलेली तेलाची धार झेलते. मध्यम वेगात ही रचना वर्षानुवर्षे निमूट चालते. पण भर वेगात, उन्हाळ्यात, पातळ झालेल्या तेलावर तिच्याकडून अपेक्षा करायलाही मर्यादा आहे. १९५४पासून या पिकअपमध्ये आलेल्या २३५ घन इंची इंजिनाला रॉडपर्यंत दाबाने तेल मिळते आणि कवचाची बेअरिंगे असतात. म्हणून गाडीत मूळ २१६ आहे की नंतर बसवलेले २३५, हे आधी पाहायचे. पुढचा निर्णय त्यावर बराच अवलंबून आहे.

आता टायर. ६.००-१६ या मापातला पहिला आकडा टायरच्या पोटाची रुंदी इंचांत सांगतो, दुसरा रिमचा व्यास. बाजूची उंची दिलेली नसते, कारण त्या काळी ती रुंदीएवढीच धरली जाई. त्यामुळे व्यास तोंडी काढता येतो : १६ अधिक ६ अधिक ६, म्हणजे २८. याच रीतीने ६.५०-१६ सुमारे २९ इंच, ७.००-१६ सुमारे ३० आणि ७.५०-१६ सुमारे ३१ इंच. प्रत्यक्ष माप ठशावर आणि बनावटीवर अवलंबून पाव ते पाऊण इंचाने वर भरते. ३१००च्या पुढच्या मालिकेला १९५५मध्ये ६.७०-१५ हे १५ इंची माप आले. रिम इंचाने लहान, पण टायर जाडजूड, त्यामुळे बाहेरचा व्यास पुन्हा २८च्या आसपासच. रिम लहान झाली म्हणजे चाक लहान झाले, असे समजणारे इथे चुकतात.

नव्या मापात हिशेब थोडा लांबतो. २१५/८५ आर १६ म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर आणि बाजूची उंची तिच्या ८५ टक्के, म्हणजे सुमारे १८३. दोन्ही बाजूंचे मिळून ३६५.५, त्यात १६ इंची रिमचे ४०६.४ मिळवले की ७७२ मिलिमीटर, म्हणजे ३०.४ इंच. २३५/८५ आर १६चे ८०६ मिलिमीटर, ३१.७ इंच. २२५/७५ आर १६चे ७४४ मिलिमीटर, २९.३ इंच. १५ इंची रिम असेल तर २१५/७५ आर १५ हा ७०४ मिलिमीटरचा, म्हणजे मूळ मापाच्या अगदी जवळचा, आणि २३५/७५ आर १५ हा ७३४ मिलिमीटरचा. आकडे कोरडे वाटतात, पण हे आधी कागदावर लिहून काढणाऱ्याला पुढे पस्तावावे लागत नाही.

व्यास जुळला म्हणजे टायर बसला, असे मात्र नाही. मूळ १६ इंची रिम अरुंद आहे, जेमतेम पाच इंचांची. ६.००-१६ला ती बरोबर आहे. २१५/८५ आर १६ला उत्पादक साधारण साडेपाच ते सात इंचांची रिम सांगतात. २३५/८५ आर १६ला किमान सहा. रुंद टायर अरुंद रिमवर ओढून बसवला तर दोन्ही कडा आत दाबल्या जातात, ठसा मधोमध फुगतो आणि रस्त्याला फक्त मधली पट्टी लागते. वळणावर टायर कडेवर डोलतो. मडगार्डाखाली तो उभा दिसतो झकास, म्हणून ही चूक सर्रास होते. मूळ रिम ठेवायची असेल तर माप ६.००-१६ किंवा फार तर ६.५०-१६ इथेच थांबवावे. त्याहून रुंद टायर हवा असेल तर आधी रिम बदलावी, मग टायर.

रिम बदलायला ३१०० अनुकूल आहे. तिच्या चाकाला सहा बोल्ट असून ते १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर बसतात. साडेपाच इंचांचे हे वर्तुळ पुढे कित्येक पिकअपनी वापरले. पण बोल्टांची जागा जुळणे ही सुरुवात झाली. मधल्या भोकाचा व्यास हबवर बसायला हवा, आणि रिम आत-बाहेर किती सरकलेली आहे यावर टायर आतल्या पाट्याला घासणार की बाहेरच्या मडगार्डाला, हे ठरते. भारतातल्या मालकाने आणखी एक लक्षात ठेवावे : जीपचे बोल्ट-वर्तुळ साडेपाच इंचांचेच असले तरी तिला बोल्ट पाच आहेत. तिची रिम या गाडीला लागत नाही.

जीपचा टायर मात्र लागतो. विलिसच्या युद्धकाळातल्या जीपला ६.००-१६ हेच माप होते आणि महिंद्राने मुंबईत जीप जोडायला घेतल्यावर तेच इथे रुळले. त्यामुळे शेव्हरोलेच्या मूळ मापाचे टायर-ट्यूब महाराष्ट्रातल्या दुकानदाराला अनोळखी नाहीत. यात एक धोका आहे आणि तो स्पष्ट सांगायला हवा. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही ६.००-१६ हे माप येते. तीन उभ्या कडांचा तो टायर रिमवर तंतोतंत चढतो आणि तुलनेने स्वस्त पडतो. पण त्याच्या बाजूवर ‘ए६’ किंवा ‘ए८’ ही खूण असते, म्हणजे ताशी ३० किंवा ४० किलोमीटरची मर्यादा. शेतातल्या संथ कामासाठी बनलेला तो टायर डांबरी रस्त्यावर ८०च्या वेगात तापतो आणि फाटू शकतो. माप तेच असले तरी पिकअपला तो कधीही घालू नये.

जुन्या बनावटीचा टायर घ्यावा की रेडियल, यावर मतभेद होतात. जुन्या टायरात दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरके बसवलेले असतात, म्हणून ठसा आणि बाजू एकाच अंगाने हलतात. रस्त्यावर चर पडले असतील तर असा टायर चरामागे जातो, आणि रात्रभर उभ्या गाडीचा टायर सकाळी पहिले काही किलोमीटर चपटा झालेला जाणवतो. रेडियलमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि ठशाखाली पोलादी पट्टे असतात. मिशेलिनने याचे पेटंट १९४६ साली घेतले. बाजू मऊ, ठसा ताठ, त्यामुळे पकड चांगली, उष्णता कमी, आयुष्य जास्त. जुन्या पिकअपला रेडियलचा सर्वांत मोठा फायदा सरळ रेषेत जाण्यात दिसतो. स्टिअरिंगमध्ये आधीच थोडी ढिलाई असते; चर पकडणारा टायर त्यात भर घालतो, रेडियल घालत नाही. तोटा इतकाच की उभ्या गाडीत, पार्किंग करताना, स्टिअरिंग जड वाटते. एकाच गाडीत दोन प्रकार मिसळू नयेत. एका अ‍ॅक्सलवर तर मुळीच नाही.

मूळ देखाव्याचे, अरुंद, उभ्या बाजूंचे टायर आजही नव्याने बनतात. अमेरिकेत टेनेसीतल्या चॅटनूगा शहरातली, १९५८ साली सुरू झालेली कोकर टायर ही कंपनी जुन्या गाड्यांच्या टायरांच्या धंद्यात आहे. तिरक्या थरांच्या टायरासारखी दिसणारी पण आत रेडियल असलेली मापेही या बाजारात मिळतात. प्रदर्शनासाठी मूळ ठसा आणि प्रवासासाठी रेडियल, अशी ओढाताण ज्यांची होते त्यांना हा मार्ग चांगला आहे. किंमत मात्र साध्या टायरच्या बरीच वर जाते.

ट्यूबचा प्रश्न रेडियलबरोबरच येतो. १९५०च्या आसपासची रिम ट्यूबलेस टायरसाठी बनलेली नव्हती. हवा गेली तरी टायरची कड जागेवर धरून ठेवणारा जो उंचवटा आजच्या रिमच्या आतल्या अंगाला असतो, तो जुन्या रिमला नसतो. शिवाय रिव्हेट आणि जोड यांतून हवा झिरपते. म्हणून जुन्या रिमवर ट्यूब हवीच, आणि रेडियल टायर असेल तर ट्यूबही रेडियलसाठी बनवलेली हवी, कारण मऊ बाजूच्या सततच्या हालचालीने साधी ट्यूब आतून घासून झिजते. टायर चढवण्यापूर्वी रिमचा आतला भाग तारेच्या ब्रशने घासून, रंग देऊन, तळाशी पट्टी घातली पाहिजे. गंजाचा एक पापुद्राही ट्यूबला भोक पाडायला पुरतो.

भाराचे गणित वेगळे करावे. २,०९० किलोच्या भरलेल्या गाडीत साधारण साठ टक्क्यांहून जास्त वजन मागे जाते. म्हणजे मागच्या प्रत्येक टायरवर साडेसहाशे किलोंच्या आसपास. टायरच्या बाजूवर भाराचा निर्देशांक असतो : ९४ म्हणजे ६७० किलो, १०० म्हणजे ८०० किलो. मोटारीचा टायर पिकअपला लावला तर अमेरिकी नियमानुसार त्याची क्षमता १.१ने भागून धरतात. त्यामुळे ९४चा मोटारीचा टायर ६०९ किलोंवर येतो आणि भरलेल्या ३१००ला कमी पडतो. उलट टोकाची चूकही होते. २१५/८५ आर १६ हा दहा प्लायच्या दर्जाचा टायर १,२१५ किलो पेलतो. रिकामी ३१०० दीड टनाच्या आत-बाहेर. तिच्याखाली एवढा कडक टायर भरपूर हवेने फुगवला तर मागचे पाटे वाकायच्या आतच हौदा उडू लागतो. हवा बाजूवर लिहिलेल्या कमाल दाबाइतकी भरायची नसते. ती प्रत्यक्ष वजनाप्रमाणे ठरवायची असते, आणि त्यासाठी गाडी एकदा वजनकाट्यावर नेऊन पुढचे-मागचे वजन वेगळे घ्यावे.

टायर ठरला की अ‍ॅक्सल. पहिला प्रश्न असा की आत खरोखर काय आहे? सत्तर वर्षांत कोणीतरी काहीतरी बदललेले असणे शक्य आहे. पाऊण टनी ३६०० मॉडेलला ४.५७ आणि एक टनी ३८००ला ५.१४ असे गुणोत्तर येई. साध्या गाडीत चाक फिरवून प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजतात. ३१००मध्ये तसे करता येत नाही, कारण १९५४पर्यंतच्या अर्ध्या टनी गाड्यांत शाफ्ट एका बंद पोलादी नळीत असतो. बाहेरून दिसतच नाही. मग इंजिनाकडून मोजावे. मागचे एकच चाक जॅकवर उचलायचे, बाकीच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे, सगळे प्लग काढायचे, गाडी टॉप गिअरमध्ये ठेवायची. क्रँक पुलीवर आणि उचललेल्या टायरवर खडूने खूण करायची. एकाने इंजिन हाताने फिरवायचे, दुसऱ्याने चाक पाहायचे. एक चाक जमिनीवर अडलेले असल्यामुळे उचललेले चाक दुप्पट फिरते. म्हणून त्याचे दोन फेरे पूर्ण होईपर्यंत पुलीचे जितके फेरे होतील, तेच गुणोत्तर. चार फेरे आणि वर थोडेसे, म्हणजे नवव्या हिश्शाएवढे, झाले तर ४.११. साडेचारच्या पुढे गेले तर ४.५७.

४.११ निघाला आणि फेरे कमी करायचे असतील, तर तीन वाटा आहेत. पहिली, उंच टायर. ०.७११ मीटरच्या जागी ०.७७२चा टायर घातला की ४.११ रस्त्याला ३.७९सारखा वागतो, ताशी ८०ला फेरे २,४५०वरून २,२६०वर येतात. ०.८०६चा टायर घातला तर ३.६३, आणि फेरे २,१६५. अ‍ॅक्सल उघडावा लागत नाही, म्हणून ही वाट सोपी वाटते. पण उंच टायर ब्रेकच्या विरुद्ध काम करतो. ड्रम तेवढाच, पायाचा जोर तेवढाच, चाक मात्र मोठे; म्हणून रस्त्यावर लागणारा रोध ०.७७२च्या टायरला सुमारे आठ टक्क्यांनी आणि ०.८०६च्या टायरला बारा टक्क्यांनी घटतो. चारही चाकांना ड्रम असलेल्या गाडीत हा तोटा किरकोळ नाही. शिवाय चाक जड होते, किंग पिनवर भार वाढतो, पुढचा टायर पूर्ण वळणावर मडगार्डाच्या आतल्या पत्र्याला लागू शकतो, आणि स्टेपनी तिच्या जागेत मावत नाही. गिअरिंग सुधारायचे साधन म्हणून टायरकडे पाहू नये, हे या सगळ्याचे तात्पर्य. मूळ मापापेक्षा एक माप वर, साधारण २९ इंचांपर्यंत, जाणे चालते, त्यापुढे नाही.

दुसरी वाट क्राऊन-पिनियन बदलण्याची. १९५०मध्ये शेव्हरोलेने मोटारींना पॉवरग्लाइड हा आपोआप गिअर बदलणारा बॉक्स दिला आणि त्यासोबत ३.५५चा अ‍ॅक्सल. त्या क्राऊन-पिनियनची जोडी अर्ध्या टनी ट्रकच्या अ‍ॅक्सलमध्ये बसवता येते, हे जुन्या मेस्त्रींनी फार पूर्वी ओळखले, आणि मागणी एवढी की ३.५५ची नवी जोडी आजही बनते. मूळ २८ इंची टायर ठेवून ३.५५ घातले तर ताशी ८०ला २,१२० फेरे आणि ९७ला २,५७०. म्हणजे साडेतेरा टक्के घट. उंच टायरने जे मिळवायला ३२ इंचांचे चाक लागले असते, ते ब्रेक, मडगार्ड, स्टिअरिंग यांना हात न लावता मिळते. त्यावर २२५/७५ आर १६सारखा २९ इंची टायर, योग्य रिमवर, घातला तर ८०ला सुमारे २,०२५. २१६ इंजिनाची पीळशक्ती जिथे भरात असते, त्या पट्ट्याच्या अगदी काठावर. या गाडीसाठी याहून चांगला मेळ नाही.

काम मात्र सोपे नाही. बंद नळीच्या रचनेत पिनियन शाफ्टला जोडलेले असते, त्यामुळे अख्खा अ‍ॅक्सल नळीसकट गाडीखालून काढावा लागतो. पिनियनच्या टोकाच्या खाचा आणि ट्रकच्या शाफ्टच्या खाचा जुळतात का, हे जोडी विकत घेण्याआधी मोजून पाहावे. न जुळल्यास योग्य जोडतुकडा लागतो. नंतर येते ते सगळ्यांत नाजूक काम : पिनियन किती आत बसले आहे आणि दातांमध्ये मोकळीक किती आहे, हे पातळ शिम घालून ठरवणे. दातांना रंग लावून क्राऊन फिरवतात आणि ठसा पाहतात. ठसा दाताच्या मध्यावर, थोडा आतल्या टोकाकडे, उमटला पाहिजे. तो टोकाला किंवा दाताच्या मुळाशी गेला तर अ‍ॅक्सल कण्हतो आणि काही हजार किलोमीटरांत दात खातो. हे काम सवयीच्या मेस्त्रीकडेच द्यावे. नवी जोडी बसल्यावर पहिले काही शे किलोमीटर रिकामी गाडी, मध्यम वेग, मध्ये थांबून अ‍ॅक्सल थंड होऊ देणे आणि मग तेल बदलणे, एवढी शिस्त पाळली तर ती उरलेल्या आयुष्यात तक्रार करत नाही.

तिसरी वाट ओव्हरड्राइव्हची. पाच गिअरांचा बॉक्स बसवून पाचव्या गिअरमध्ये ०.७२ ते ०.८६ असे गुणोत्तर मिळवता येते. ४.११ तसाच ठेवून ०.७६चा पाचवा गिअर लावला तर एकूण गुणोत्तर ३.१२ होते आणि ८०ला फेरे १,८६५. चढावर ४.११ची ओढ शाबूत, सपाटीवर इंजिन निवांत. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ही सगळ्यांत चांगली वाट आहे. पण त्यासाठी बहुधा बंद नळी काढून उघडा शाफ्ट आणि दुसरा अ‍ॅक्सल बसवावा लागतो, चासीला नवे आधार वेल्ड करावे लागतात, आणि तेव्हा गाडी मूळ राहत नाही. ज्याला रोज गाडी वापरायची आहे त्याने हा खर्च करावा. मूळ गाडी जपणाऱ्याने करू नये.

फेरे कमी केले की ओढ घटते, ही किंमत सगळीकडे द्यावी लागते. पहिल्या गिअरमध्ये २.९४ गुणिले ४.११ म्हणजे १२.१ची एकूण पीळवाढ, ३.५५ने ती १०.४ होते. भरलेली गाडी चढावर उभी करून पुन्हा हलवताना क्लच तेवढा जास्त घासणार. ज्या गाडीला चार गिअरांचा मजबूत बॉक्स आहे, त्याचा पहिला गिअर ७.०५चा, तिथे ३.५५ने २५.० उरते आणि काळजीचे कारणच नाही. तीन गिअरांच्या गाडीतही दुसऱ्या गिअरकडे पाहिले तर चित्र वाटते तितके वाईट नाही. दुसऱ्या आणि टॉपमध्ये मोठी दरी आहे, १.६८ आणि १.००. ४.११वर दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ६०ला इंजिन ३,०९० फेरे घेते, म्हणजे तो गिअर तिथे प्रत्यक्षात निकामी. टॉपमध्ये दम तुटतो, दुसऱ्यात इंजिन किंचाळते. ३.५५वर तेच फेरे २,६७०वर येतात. डेन्व्हरच्या पश्चिमेला रॉकी पर्वतात सहा-सात टक्क्यांचा चढ लागो की आपल्याकडे खंबाटकी घाट लागो, भरलेली गाडी दुसऱ्यात घालून ताशी ५०-५५ने सलग नेता येते. टॉपमध्ये थोडे गमावून दुसरा गिअर कामाचा होतो, हा ३.५५चा फायदा क्वचितच कोणी सांगते.

अतिरेक मात्र अंगाशी येतो. ३.५५ आणि २१५/८५ आर १६ दोन्ही एकत्र घातले तर एकूण परिणाम मूळ टायरवर ३.२७चा अ‍ॅक्सल घातल्यासारखा. ताशी ८०ला १,९५० फेरे छान वाटतात, पण वाऱ्याच्या विरुद्ध, थोडा माल भरून, हलक्या चढावर टॉप गिअर टिकत नाही. आणि ताशी ४०ला टॉपमध्ये इंजिन हजार फेऱ्यांच्याही खाली जाते. कमी फेऱ्यांवर अ‍ॅक्सिलरेटर दाबून इंजिन रेटणे व्हाइट मेटलच्या बेअरिंगांना भर वेगाइतकेच घातक आहे. दाबाच्या तेलाचे २३५ इंजिन असेल तर हा मेळ एक वेळ चालेल; २१६ला नाही.

काहीही बदलले तरी वेगदर्शक काटा खोटे बोलू लागतो. त्याची तार गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाकडून फेरे घेते; पुढे अ‍ॅक्सल आणि टायर काय आहेत हे तिला माहीत नसते. ०.७७२च्या टायरवर काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८७ने जात असते, ३.५५ घातल्यावर काट्यावरचे ८० म्हणजे खरे ९२-९३. तारेच्या मुळाशी छोटी गिअरपेटी लावून हे दुरुस्त होते. पण आधी ब्रेक आणि मग काटा, हा क्रम राहू द्यावा.

सगळे एकत्र केल्यावर निवड गाडीच्या वापरावर येते. मिरवणुकीत आणि प्रदर्शनात जाणाऱ्या, वर्षाला काही शे किलोमीटर चालणाऱ्या गाडीला मूळ रिम, ६.००-१६ टायर आणि ४.११च शोभतात; तिचा अ‍ॅक्सल उघडायचे काहीच कारण नाही. शेतावर किंवा कामावर खरोखर माल ओढणाऱ्या गाडीलाही ४.११ ठेवावा, मात्र भाराला पुरेसा टायर द्यावा. महामार्गावर नियमित जाणाऱ्या गाडीला २८ ते २९ इंचांचे रेडियल आणि ३.५५. रोजच्या लांबच्या प्रवासाला ओव्हरड्राइव्ह. ३० इंचांपुढचा टायर यांतल्या कोणत्याही गाडीला नको.

टायर घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. जुन्या मापाचे टायर गोदामात वर्षानुवर्षे पडून राहतात आणि ठसा कोरा असला तरी रबर म्हातारे झालेले असते. आणि ३.५५ घातल्यावर काढलेले ४.११चे क्राऊन-पिनियन भंगारात देऊ नये. ती जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असते आणि एकटे क्राऊन किंवा एकटे पिनियन कोणाच्याच कामाचे नसते. दोन्हींना तेल लावून, एका फडक्यात बांधून, चिठ्ठीवर गाडीचा क्रमांक लिहून ठेवावे. गाडी विकताना ते पुढच्या मालकाला द्यावे.